पांढुर्ण्याचा दगड

माझ्या घरमालकांनी, म्हणजे काकाजींनी, चार वर्षांत मला एकदाही नावानं हाक मारली नाही, असं मी लिहिणार होते. पण मधले बावीस दिवस त्यांनी ती मारली, आणि खरं सांगायचं तर मला त्या बावीस दिवसांबद्दलच बोलायचं आहे. तिथवर पोचायला जरा वेळ लागेल. काकाजींच्या गोष्टीत कुणीही सरळ पोचत नाही.

मी सौंसरची, मध्य प्रदेशातल्या मराठी पट्ट्यातली. पांढुर्ण्याच्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. रोज बसनं ये-जा करून महिन्याभरात कंबर धरली, तेव्हा बाबांनी बसस्टँडमागे एक खोली पाहिली. एका ओळीत तीन खोल्या, पुढे अंगण, अंगणात एक नळ आणि एक लिंबाचं झाड. झाडाखाली लोखंडी खुर्चीवर काकाजी बसलेले.

"कुठी लागली?" त्यांनी विचारलं.

"शाळेत. मराठी शिकवते. माझं नाव..."

"बस, झालं मंग. शाळा, मधली खोली तुही."

मी नाव पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवून नीट ऐकून घेतलं. तेव्हापासून मी शाळा झाले. माझ्या एका बाजूला बिजली राहायची, म्हणजे वीज कंपनीतला एक हडकुळा, सदा घाईत असलेला माणूस. दुसऱ्या बाजूला बँक, म्हणजे जबलपूरकडचा एक सभ्य मुलगा, जो पहिले सहा महिने "अंकल, मेरा नाम..." अशी सुरुवात करत राहिला आणि मग दमला. "बँक, कपडे वाळले तुहे, पाऊस येऊन राहिला," असं काकाजी ओरडले की तो मुकाट्यानं बाहेर यायचा.

एकदा भर उन्हाळ्यात संध्याकाळी दिवे गेले. अर्ध्या तासानं समोरच्या घरातल्या काकूंनी दारातून विचारलं, "काकाजी, बिजली आली का हो?"

"आली ना जी," काकाजी म्हणाले, "आंघोळ करून राहिली."

त्या बाई अंधारात बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग बिजली टॉवेल गुंडाळून नळावरून आली आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

घरमालकीणबाईंना मी काकू म्हणायची. काकाजी त्यांना 'चूल' म्हणायचे. तोंडावर नाही, आमच्याशी बोलताना. "आज चूल रागावून हाय, हळू बोला." काकूंना सगळं ऐकू जायचं. आतून आवाज यायचा, "चूल इझली म्हणजे समजंल बुढ्याले." मग काकाजी खूश होऊन खुर्चीत पाय वर घ्यायचे.

ही खोड कुठून लागली, ते त्यांनीच मला सांगितलं. पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर, सरकारी बस होत्या तोवर, ते तिकीट खिडकीवर बसायचे. सगळं आयुष्य त्या खिडकीत गेलं. खिडकीला जाळी, जाळीला खाली वीतभर भोक. त्या भोकातून माणसाचं तोंड दिसायचं नाही, फक्त हात आत यायचा आणि गावाचं नाव. मोहगाव दोन. सौंसर एक. शनिवार-मंगळवारी, मारुतीचे वार म्हणून, नुसतं जामसांवली, जामसांवली, जामसांवली. "मंग म्या कोणाले काय म्हणू? मोहगाव, सुट्टे दे. जामसांवली, ढकलू नको. गाव हेच नाव."

"पण नाव असतं ना काकाजी माणसाला."

"नाव त आईबापानं ठेवलं. त्यात तुही काय कमाई? तू जे करून राहिली ते तुहं नाव."

मी तेव्हा नवी नवी मास्तरीण. मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं की तुम्ही बोलता त्याला व्याकरणात लक्षणा म्हणतात. वस्तूचं नाव घ्यायचं आणि तिच्याजवळचं दुसरं काहीतरी सुचवायचं. सगळेच तसं बोलतात. 'गाडी आली' म्हणून आपण उठतो ते पाहुणा आला म्हणून. 'अख्खं घर जेवायचं थांबलंय' म्हणतो, तेव्हा भिंती काही जेवत नाहीत.

काकाजींनी लक्ष देऊन ऐकलं. मग आत तोंड करून ओरडले, "ऐकलं का? तू म्हणत राहते न, बुढ्याचं लक्षण काही ठीक नाही. व्याकरणात हाय ते!"

या लक्षणेपायी माझे बाबा एकदा मरता मरता वाचले. पावसाळ्यात नळापाशी शेवाळ धरतं. त्यावरून मी सकाळी घसरले आणि घोटा टम्म सुजला. माझा फोन खोलीत चार्जिंगला. नेमका तेव्हाच बाबांनी काकाजींना फोन लावला. काकाजी मला रिक्षात बसवण्याच्या गडबडीत होते. ते फोनवर म्हणाले, "शाळा पडली जी! सकाळीच पडली. आता दवाखान्यात नेऊन राहिलो." आणि फोन कटला.

बाबा होते त्या कपड्यांनिशी सौंसरहून निघाले. बरोबर दोन शेजारी घेतले, ढिगारा उपसायला माणसं लागतील म्हणून. दीड तासानं ते शाळेच्या फाटकात उतरले तर शाळा जागेवर उभी, आणि पोरं व्हरांड्यात ओळीनं बसून खिचडी खात होती. बाबांनी त्या इमारतीकडे असं काही पाहिलं म्हणतात, की आमच्या शिपायाला वाटलं तपासणीचे साहेब आले. पुढे खोलीवर येऊन त्यांनी काकाजींना धारेवर धरलं. काकाजी शांतपणे म्हणाले, "खोटं काय बोललो? पडली न? इचारा तिले." मग म्हणाले, "बसा सौंसर, चाय घ्या." बाबा बसले. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीपर्यंत ते उठले नाहीत. नंतर सौंसरहून फोन करायचे तेव्हा स्वतःच म्हणायचे, "मी सौंसर बोलतोय."

आता मी सौंसरच्याच शाळेत आहे. सगळे मला पूर्ण नावानं, वर मॅडम जोडून हाक मारतात. त्यात चुकीचं काही नाही. फक्त कधी कुणी नुसतं "शाळा सुटली का?" विचारलं तरी माझी मान वळते.

पण एक माणूस असा होता, ज्याला काकाजी लक्षणेनं हाक मारत नसत. दर पंधरा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, नदीपलीकडून सावरगावचे एक शेतकरी यायचे. उंच, वाकलेले, पांढरं धोतर, खांद्यावर पिशवी. उजवा डोळा नव्हता. पापणी आत बसलेली. त्यांचा संत्र्याचा बगीचा होता आणि संत्री नसतील तेव्हा ते वांगी आणायचे, नाहीतर नुसतीच रिकामी पिशवी आणायचे. फाटकाशी येऊन म्हणायचे, "बाबू हाय का?" तिकीटबाबू म्हणून साऱ्या गावानं काकाजींना ठेवलेलं हे नाव. आणि काकाजी खुर्चीतून उठून उभे राहायचे.

"या, पुंडलिक महादेवराव ढोबळे. बसा."

दर वेळी. नाव, बापाचं नाव, आडनाव. सावरगाव म्हणायला हरकत नव्हती, संत्रा म्हणता आलं असतं. काकाजींच्या जिभेला लगाम नव्हता हे लक्षात घेता 'डोळा' म्हणायलाही ते कचरले नसते. एकदा बिजलीनं सहज म्हटलं, "काकाजी, सावरगाव आलं वाटते." काकाजी त्याच्यावर असे खेकसले की बिजली दोन दिवस नळावर आली नाही. मला वाटलं, मित्र आहे, मान ठेवत असतील.

दुसरी एक गोष्ट मी पाहिली होती, पण जोडली नव्हती. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दोन्हीकडून दगड. ज्याच्या हाती झेंडा त्याचं गाव जिंकलं. बाहेरच्याला सांगितलं तर तो आपल्याकडे पाहत राहतो. आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे आम्हाला पाहुणे किती येणार याचीच काळजी. त्या दिवशी सगळं गाव नदीवर असायचं. काकाजी फाटकाला कडी घालून लिंबाखाली बसायचे आणि सुपात तुरीची डाळ घेऊन खडे निवडायचे. दिवसभर. काकू म्हणायच्या, "डाळ निवडलेली हाय हो." ते ऐकायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षी गोटमार झाल्यावर मी वर्गात लक्षणा शिकवत होते. म्हटलं, आपापली उदाहरणं सांगा. एका मुलीनं हात वर केला आणि सांगितलं, "यंदा पांढुर्ण्यानं सावरगावचं डोकं फोडलं." उदाहरण इतकं बिनचूक होतं की मी तिला शाबासकी दिली. घरी येऊन मोठ्या हौसेनं ते काकाजींना ऐकवलं.

ते हसले नाहीत. म्हणाले, "कोणाचं डोकं?"

"म्हणजे... सावरगावचं. लक्षणा आहे ना काकाजी."

"कोणाचं? नाव सांग. अन फोडलं कोणं? पांढुर्ण्याले हात हाय का?"

ते लिंबाकडे वळले. मग आवाज खाली आणून बोलले.

"मी वीस-एकवीसचा होतो. खिडकीवर बसून दोनच महिने झालते. पाहाले म्हणून नदीवर गेलो. पाहाले म्हणूनच जातेत सगळे. बाजूच्यानं हातात गोटा देला. काळा होता. तो म्या टाकून देला, अन खाली वाकून पांढरा उचलला. गारेचा, गारगोटीचा. निवडून उचलला, शाळा. म्हटलं, आपला ओळखू आला पाह्यजे. हवेत समदे काळे, त्यात माहा एकटा पांढरा. जातानी दिसला. कुठी लागला, तेही दिसलं."

काकाजी पुढे सांगत राहिले.

"गावात समदे म्हणत, यंदा पांढुर्णा भारी पडलं. म्या बी म्हटलं. काही वाटलं नाही. पांढुर्ण्यानं मारला त मारला. चार-पाच दिसांनी खिडकीतून हात आला. नागपूर दोन. काहून कोण जाणे, मी वाकून वर पाह्यलं. डोळ्याले पट्टी. संगं बाप. म्या नाव इचारलं. बसच्या तिकिटाले नाव लागत नाही. तरी इचारलं. त्यानं सांगतलं, पुंडलिक महादेवराव ढोबळे."

तेव्हापासून नागपूरच्या प्रत्येक फेरीला काकाजी त्यांच्यासाठी डाव्या बाजूची खिडकीची सीट धरून ठेवत, म्हणजे चांगल्या डोळ्याला बाहेरचं दिसेल. डोळा काही वाचला नाही. पण सावरगावच्या त्या तरुणाला वाटलं, पांढुर्ण्यात एक भला बाबू आहे. तो चहाला थांबू लागला. मग संत्री आणू लागला. चाळीस वर्षं.

"मग सांगून टाका ना त्यांना," मी म्हटलं. खरं बोललं की सगळं मोकळं होतं असा तेव्हा माझा ठाम समज होता. लाज वाटते आता, पण मी त्यांना जवळजवळ भाषणच दिलं.

काकाजी एवढंच म्हणाले, "सांगतलं अन त्यानं येणं बंद केलं त? मले दुसरं कोणाचं नाव येते का?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पण दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी पुंडलिकराव आले ते भिंतीला हात लावत लावत. राहिलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. परवा नागपूरला ऑपरेशन. "होऊन जाईल म्हणते डॉक्टर," ते म्हणाले. "नाही झालं त मंग बाबू, तुमी आवाजावरून वळखू येसालच."

मी माझ्या खोलीच्या उंबऱ्यात वह्या तपासत होते. काकाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की ते सांगणार आहेत, आणि एकाएकी मला वाटलं, नको. या माणसाला एकच मित्र आहे. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पुंडलिकरावांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

"पुंडलिक महादेवराव ढोबळे, मी दिसून राहिलो का तुमाले?"

"जवळून दिसता. धुकट."

"मंग तेवढ्यात पाहून घ्या माहं तोंड. तुमच्या डोळ्याले जो दगड लागला..."

"पांढुर्ण्याचा. मंग?"

"पांढुर्ण्याचा नाही. माहा."

काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. पुंडलिकरावांनी आत बसलेल्या पापणीला हात लावला. मग म्हणाले, "पांढरा होता."

"हो. गारेचा."

त्यांनी हात पुढे केला. काकूंनी कप दिला. तो सगळा चहा त्यांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. कप खाली ठेवला आणि जे बोलले ते मला आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

"पांढुर्ण्याले म्या कवाच माफ करून टाकलं, बाबू. लोक इचारत, कोणं मारला. मी म्हणो, पांढुर्ण्यानं. आता गावावर राग किती दिस धरता? तथीच बाजार, तथीच दवाखाना, तथीच पोरगी देली. राग आपोआप उतरला. आता तुमाले माफ करायचं म्हणजे पयल्यापासून सुरू करा लागंल. एका माणसावर रागवा लागंल, मंग तो राग उतरा लागंल. माह्यापाशी तेवढा टाइम कुठी हाय?"

ते उठले. पिशवी तिथेच राहिली. काकाजींनी हात धरायचा प्रयत्न केला, तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि भिंत चाचपत फाटकाबाहेर गेले.

त्या दिवशी संध्याकाळी काकाजींनी मला पाणी आलं म्हणून हाक मारली. माझ्या नावानं. मी दचकले. म्हणजे त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं! बिजलीलाही त्यांनी नावानं बोलावलं, बँकेलाही. ज्या नावासाठी तो मुलगा सहा महिने झगडला होता ते ऐकून तो माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "दीदी, अंकल की तबीयत तो ठीक है ना?" काकूंनाही ते नावानं हाक मारू लागले. काकू पहिल्यांदा लाजल्या आणि दुसऱ्यांदा रडल्या. सगळ्यांची नावं बरोबर होती, आणि अंगणात जीव नव्हता. मला तर तो त्यांनी स्वतःला लावलेला दंड वाटला, आणि तो भरायला लावणारी मी. मी एकदा म्हटलंही, "काकाजी, मला शाळाच म्हणा हो." ते म्हणाले, "नावानंच बरं असते." पुंडलिकरावांच्या येण्याचा बाजाराचा दिवस आला आणि गेला. फाटकाशी कुणी आलं नाही. पिशवीतली संत्री सुकली, तरी काकाजींनी ती कुणाला हलवू दिली नाहीत.

बाविसाव्या दिवशी दुपारी मी शाळेतून येऊन नळावर पाय धूत होते. काकाजी सूप घेऊन बसले होते. पोळ्याला अजून नऊ महिने होते, तरी. फाटकाची कडी वाजली. काळा चष्मा, पांढरं धोतर. भिंतीला हात न लावता ते सरळ उभे होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी अंगण पाहिलं, लिंब पाहिला, मला पाहिलं, आणि मग आवाज दिला,

"पांढुर्णा हाय का घरी?"

काकू आतून म्हणाल्या, "कोण पांढुर्णा? इथी कोणी पांढुर्णा नाही."

काकाजी उठले. सुपातली डाळ अर्धी अंगणात सांडली. साऱ्या जगाला त्यांनी नावं दिली, पण 'बाबू'पलीकडे त्यांना असं नाव कुणी कधी दिलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं आता ते तिन्ही शब्द येतील, नाव, बापाचं नाव, आडनाव. ते आले नाहीत.

"हाय जी," ते म्हणाले. "हाय. या, सावरगाव."

"चाय मांडाले सांगा," पुंडलिकराव म्हणाले. "अन माही पिशवी कुठी हाय?"

काकाजी डोळे पुसत माझ्याकडे वळले आणि ओरडले, "पाहत काय राहिली, शाळा? खुर्ची आण!"

मी ओल्या पायांनी खुर्ची आणायला धावले.